हंगामी सायकल

इंग्लंडच्या उत्तर भागात, विशेषतः यॉर्कशर परगण्यात, सायकलीचा शौक असलेल्या सद्गृहस्थाच्या घरी निदान दोन सायकली असाव्या लागतात, आणि त्यांपैकी एकीची नेमणूक कायम स्वरूपाची तर दुसरीची हंगामी असते, ही गोष्ट लीड्स शहरी बिऱ्हाड केल्यानंतर बऱ्याच काळाने माझ्या ध्यानात आली. कायमची सायकल ही उन्हाळ्याची. ती वजनाने हलकी, किमतीने भारी आणि स्वभावाने मानी असते. एप्रिलमध्ये ती घराबाहेर पडते, आणि ऑक्टोबर सरता सरता, ज्या रविवारी सगळ्या देशाची घड्याळे एक तास मागे घेतली जातात त्या सुमारास, पुसूनपासून, तेलपाणी करून, दिवाणखान्यात किंवा जिन्याखालच्या कोनाड्यात, जेथून घर उबदार ठेवणारा गरम पाण्याचा नळ जातो अशी जागा पाहून, तिची यथाविधी स्थापना होते. तेथून मार्चअखेरपर्यंत पाऊस, चिखल, धुके आणि रस्त्यावर पसरलेले मीठ यांच्याशी मुकाबला करण्यासाठी जी दुसरी सायकल बाहेर काढावयाची, ती नवी विकत घेणे तेथील सायकलस्वारांच्या धर्मात बसत नाही. ती परसातील लाकडी खोपटात, शेजाऱ्याच्या तळघरात, मेव्हण्याच्या माळ्यावर पडून असलेल्या सुट्या भागांतून उभी करावयाची असते. आणि ती अत्यल्प खर्चात, जमल्यास फुकट, उभी केली असे चारचौघांत सांगता आले पाहिजे.

या व्यवस्थेतील न्याय समजण्यासाठी तेथील हिवाळ्याचे स्वरूप आधी समजले पाहिजे. हिवाळा म्हणजे बर्फ, ही नाताळच्या भेटपत्रांनी पसरविलेली समजूत आहे. लीड्सकडचा हिवाळा बहुतांशी पाण्याचा असतो. पाऊस पडतो म्हणण्यापेक्षा तो मुक्कामाला असतो म्हणणे अधिक रास्त. डिसेंबरात सूर्य आठ वाजून गेल्यावर हजेरी लावतो आणि पावणेचारच्या सुमारास रजा घेतो, आणि मधल्या अवधीत तो कामावर होता याचा दाखला सहसा मिळत नाही. रात्री पारा शून्याकडे झुकू लागला की नगरपालिकेच्या मालमोटारी मीठ उधळीत निघतात. हे मीठ म्हणजे जातीने आपले शेंदेलोणच; अजीर्ण झालेल्या माणसास आपण जे चिमूटभर चाटवितो ते इकडे टनावारी रस्त्यास चाटविले जाते. चेशर परगण्यात विन्सफर्ड येथे 1844 साली सुरू झालेली खाण आहे, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी आटून गेलेल्या समुद्राचे हे मीठ तिच्यातून जे निघते ते सोबतची तांबडी माती अंगावर तशीच ठेवून. म्हणून ओल्या रस्त्यावरून फिरून आलेल्या सायकलस्वाराच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत एक मातकट पट्टा चढलेला दिसतो. पाठीचे काय, ती धुता येते. सायकलीचे तसे नाही. खारे पाणी चेनच्या कडीकडीत शिरते, छर्र्यांचे ग्रीस धुऊन नेते, आणि पोलादी फ्रेमीत बसविलेली सीटची ॲल्युमिनियमची दांडी तर त्याच्या संगतीत स्वतःच एक विद्युत्घट होऊन बसते. तिच्यावर पांढरी राख धरते, ती राख जागच्या जागी फुगते, आणि वसंतात कोणी सीट बोटभर खाली घेऊ म्हटले तर दांडी व्हाइसमध्ये जखडून, सबंध फ्रेम दोन्ही हातांनी धरून, पानिपतावर निघाल्याच्या आवेशाने तिच्याभोवती फिरवावी लागते.

हे सर्व ऐकून सायकलीविषयी कोणासही कणव यावी, तशी ती मलाही आली, आणि घरी येऊन मी ते सविस्तर कथन केले. आमच्या मंडळींनी ते शांतपणे ऐकून घेतले.

“अहो, म्हणजे सायकलीला हिवाळा बाधू नये म्हणून दुसरी सायकल,” ती म्हणाली. “आणि माणसाला बाधू नये म्हणून?”

“माणूस तोच,” मी म्हटले.

या मुद्द्यावर यॉर्कशरमधील कोणत्याही सायकलमंडळाने आजवर समाधानकारक खुलासा केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उन्हाळी सायकल उबेला, कोरडी, जुन्या पलंगपोसाखाली विसावलेली; आणि तिचा धनी, ज्याच्या सांध्यांना बदली भाग मिळत नाहीत, तो रविवारी पहाटे काळोखात भिजत चाललेला, असा हा मामला आहे.

आमचे शेजारी हे या पंथातील अधिकारी पुरुष. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, उंच, किडकिडीत, आणि बोलण्यात इतके काटकसरी की दोन वाक्यांच्या मध्ये चहा निवून जावा. ज्या हॅरोगेट गावी 1878 साली सायकलप्रवाशांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली ते आमच्यापासून पंधरा-सोळा मैलांवर. आणि ज्या मॉर्ली गावच्या बेरिल बर्टन या बाईने रूबार्बच्या मळ्यात मजुरी करीत करीत 1967 साली बारा तासांत 277.25 मैल सायकल चालवून पुरुषांचाही विक्रम मोडला, आणि वाटेत मागे टाकलेल्या पुरुष स्पर्धकास जाता जाता एक गोळी चघळावयास दिली, ते तर शहराच्या वेशीवरच. या दोन तीर्थक्षेत्रांच्या मध्ये जन्मास आलेल्या माणसाला हवामानाची तक्रार करण्याची मुभा नसते. पाऊस फार आहे असे कोणी म्हटले की आमचे शेजारी बेरिलबाईंचे नाव घेतात आणि रूबार्बविषयी एक शब्द बोलतात; तेवढ्याने विषय मिटतो.

त्यांचे परसातील खोपट म्हणजे सुट्या भागांचा दफ्तरखाना होय. भिंतीला लागून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांची उतरंड, आणि प्रत्येक डब्यावर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी: ‘छर्रे, पाव इंची, वापरलेले, बरे’, ‘कॉटर पिना, वाकड्या’, ‘उजवीकडचे’ (काय, ते लिहिलेले नाही), आणि सर्वांत मोठ्या डब्यावर, ‘कशाचे ते ठाऊक नाही, टाकू नयेत’. कोपऱ्यात खुंटीवर शेजारी शेजारी दोन टायर टांगलेले होते. एकावर आकार लिहिला होता 26 × 1.75 आणि दुसऱ्यावर 26 × 1¾. शाळेत अपूर्णांक शिकलेल्या कोणाही मनुष्याप्रमाणे मी ते एकाच मापाचे धरून चाललो असता शेजाऱ्यांच्या मुद्रेवर जी करुणा उमटली ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पहिला ज्या रिमवर चढतो तिचा व्यास 559 मिलीमीटर आणि दुसरा चढतो तिचा 571. दोहोंत 12 मिलीमीटरची तफावत. शेल्डन ब्राउन नावाचे एक विद्वान सायकल-मिस्तरी अमेरिकेत होऊन गेले, त्यांनी तर असा नियमच घालून दिला आहे की दोन टायरांची मापे गणिताने समान असून एक दशांशात आणि दुसरे व्यवहारी अपूर्णांकात लिहिलेले असेल, तर ते एकमेकांच्या जागी कदापि बसणार नाहीत. सायकलीच्या जगात गणिताचा अंमल किती मर्यादित आहे याची ती मला मिळालेली पहिली सनद.

शेजाऱ्यांच्या ज्या हंगामी सायकलीची ही हकीकत, तिचा आरंभ एका फुकट फ्रेमीपासून झाला. सायकलमंडळातील कोणी वृद्ध सभासद घर लहान करीत होते, त्यांनी ती देऊ केली. नळ्या बर्मिंगहॅमच्या रेनल्ड्स कारखान्याच्या, 531 क्रमांकाच्या. 1935 साली बाजारात आलेल्या या मिश्र पोलादाविषयी जुने इंग्रज सायकलस्वार ज्या स्वरात बोलतात तो स्वर आपल्याकडे बनारसी शालूसाठी राखून ठेवलेला असतो. फक्त एक गोम होती. पोलाद बर्मिंगहॅमचे असले तरी फ्रेम फ्रान्सात जोडलेली होती. आणि जुनी फ्रेंच फ्रेम इंग्लंडात फुकट का मिळते, याचा उलगडा ती घरी आणून ठेवल्यावरच होतो.

आटे हा विषय वरकरणी क्षुद्र वाटतो. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली देशातील सर्व आटे एका मापाचे असावेत अशी सूचना मांडली, कारण तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टास ओळख देत नसे. सूचना मान्य झाली, रेल्वेने तिचा स्वीकार केला, साम्राज्यभर तिचा अंमल बसला. सायकल तेवढी या अंमलाबाहेर राहिली. दोन्ही पायडलांना जोडणारा आस ज्या पोकळीत फिरतो, जिला दुकानदार नुसते ‘बीबी’ म्हणतात, ती इंग्रजी सायकलीत 1.37 इंच व्यासाची आणि इंचास 24 आट्यांची. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याला चोवीस कमी वाटले म्हणून त्याने वर्षानुवर्षे आपले 26 ठेवले. फ्रान्सचा व्यास 35 मिलीमीटर आणि आटा एका मिलीमीटरास एक. इटलीने व्यास 36 मिलीमीटर ठरविला, पण आटे पुन्हा इंचास 24. म्हणजे अंगरखा दशमान पद्धतीचा आणि नाडी विलायती इंचाची. तेव्हा फ्रेम फुकट मिळाली म्हणजे स्थळ सांगून आले एवढेच. पुढे पत्रिका जुळवावयाची असते, आणि येथील पत्रिकेत छत्तीस हा आकडा गुणांचा धरावा की वैराचा, हेच प्रथम ठरत नाही.

त्यातून इंग्रजी बीबीच्या उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, जेणेकरून पायडल मारता मारता तेथील कप आपोआप ढिला होऊ नये. फ्रेंचांनी दोन्ही बाजूंचे आटे सुलटे ठेवले. त्यामुळे उजवीकडचा कप प्रवासात हळूहळू बाहेर येण्याची वहिवाट पडते, आणि स्वाराने खिशात एक भला मोठा पाना बाळगून दर टेकडीच्या माथ्यावर त्याची समजूत काढावी, अशी त्या राष्ट्राची अपेक्षा दिसते. शेजाऱ्यांच्या साऱ्या डब्यांत फ्रेंच कपाची एकच जोडी निघाली, ती गंजलेली. मग आटे नसलेलीच बीबी, जी दोन्ही बाजूंनी आत सरकवून एकमेकींत पिळून घट्ट करतात, अशी नवी विकत आणण्यात आली. या सायकलीसाठी झालेली ही पहिली खरेदी. तिची किंमत ऐकून आमच्या मंडळींनी एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर ‘फुकट सायकल, जमाखर्च’ असे लिहून ठेवले.

माझ्याकडे काम होते दिवा धरण्याचे. वरकरणी कमी दर्जाचे वाटणारे हे काम वास्तविक फार जोखमीचे, कारण दिवा नेमका कोठे धरला असता उजेड पडेल याविषयी दिवा धरणारा आणि पाना धरणारा यांचे कधीही एकमत होत नाही. क्रँक काढण्याच्या दिवशी तर त्या खोपटात खासा दरबार भरला. जुना क्रँक आसावरून ओढून काढण्यासाठी पुलर लागतो, आणि पुलर क्रँकच्या आट्यांत बसावा लागतो. हे आटे सर्वसाधारणपणे 22 मिलीमीटरचे, परंतु फ्रान्सात एका कारखान्याने ते 23 चे केले आणि दुसऱ्याने, पहिल्यापेक्षा आपण कमी नाही हे दाखविण्याकरिता की काय, 23.35 चे. हा पाव मिलीमीटरहून थोडा अधिक असलेला स्वाभिमान मी दिव्याच्या उजेडात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. पुलर दोन वेढे आत जातो, अगदी आपला वाटतो, आणि तिसऱ्या वेढ्याला अडून बसतो. तिन्ही मापांचे पुलर आता शेजाऱ्यांच्या संग्रही आहेत. त्यांतील दोन या सायकलीसाठी घेतलेले. पण हत्यार हा खर्च नव्हे, ती मालमत्ता होय, असा त्यांचा कौल पडल्याने वहीतील ती नोंद मंडळींना नाइलाजाने समासात करावी लागली.

सीटच्या दांडीची हकीकत त्यामानाने सुखान्त झाली. सायकलीच्या सीटदांड्या 0.2 मिलीमीटरच्या अंतराने मापामापांत मिळतात, आणि दांडी एका मापाने मोठी असेल तर आत जात नाही, एका मापाने लहान असेल तर स्वारासह आत जाते. या फ्रेमीला हवी होती 26.4. शेजाऱ्यांच्या डब्यात 27.2 होती, 26.8 होती, 26.6 होती आणि 26.2 होती. अशा वेळी त्या देशातील परंपरा बिअरचा डबा आणावयास सांगते. डब्याचा पत्रा साधारण 0.1 मिलीमीटर जाडीचा असतो; त्याची पट्टी कापून दांडीभोवती एक वेढा दिला की दोन्ही बाजू मिळून व्यास 0.2 ने वाढतो, आणि 26.2 ची दांडी हिशेबाला पैही इकडेतिकडे न होता 26.4 ची होते. डबा आधी रिकामा असावा लागतो, ही या शास्त्रातील पूर्वअट. पट्टीला फक्त एकच प्रयत्न पुरला, परंतु पूर्वअट मात्र अधिक दक्षतेने, तीनदा पार पाडण्यात आली. ग्रीस माखलेली ती चंदेरी पट्टी कात्रीने कापून, कडा घासून दांडीभोवती बसविताना शेजाऱ्यांच्या बोटांत जे मार्दव आले, ते नातवंडांना उचलून घेतानाही मी पाहिलेले नाही.

मागच्या चाकाचे प्रकरण याहून लांबले. फ्रेमीच्या मागच्या दोन टोकांमधील अंतर, जेथे चाक बसते, ते या जुन्या फ्रेमीत 120 मिलीमीटर होते, आणि माळ्यावरून आणलेल्या चाकाची धुरी 126 ची. पोलादी फ्रेमीचा गुण असा सांगतात की ती हाताने रुंदावता येते. शेजाऱ्यांनी फ्रेम आडवी निजविली, मध्ये फळी घातली, आणि भूमापन खात्यात चाळीस वर्षे राखलेला संयम पणास लावून तिच्यावर भार दिला. पोलाद वाकते, पण सोडले की परत येते; त्याला 126 वर आणावयाचे तर काही काळ 140 च्या पलीकडे नेऊन, तेथील हवा दाखवून, मग सोडावे लागते. दर खेपेस एक सुतळी फ्रेमीच्या एका टोकापासून निघून, पुढे हँडलच्या नळीस वळसा घालून, दुसऱ्या टोकाला परत यायची, आणि मधल्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर सारखे आहे की नाही याचा पंचनामा व्हायचा. डावी बाजू सरकली तर उजवी राहायची. उजवीची समजूत घातली तर डावी पुढे जायची. अखेरीस उत्तररात्री (म्हणजे तेथील हिशेबाने सायंकाळी सात वाजता) दोन्ही बाजू सारख्या आल्या, चाक बसले, आम्ही चहा घेतला.

चहा घेताना शेजारी म्हणाले, “गिअर नकोतच. मीठ खाईल ते.”

हिवाळ्यात गिअरची गुंतागुंत रस्त्यावर न नेता एकाच दातेरी चक्राने, तेही ‘फिक्स’, म्हणजे चाक फिरते तोवर पायडल फिरलेच पाहिजेत अशा रचनेने, सायकल चालविण्याचा प्रघात इंग्रज सायकलस्वारांत जुना आहे. यात गंजावयास काही राहत नाही, खर्च कमी, आणि पायांना उतारावरही सुटी नसल्यामुळे चारित्र्य सुधारते. कायद्यालाही हे मंजूर आहे. फिक्स चाक हाच एक ब्रेक धरतात, मात्र पुढच्या चाकाला दुसरा हवा. पुढे 48 दाते आणि मागे 18 असले म्हणजे त्यास तेथे 72 इंचांचा गिअर म्हणतात. हे इंच कुठून आले तर ज्या काळी सायकलीचे पुढचे चाक पुरुषभर उंच असे आणि पायडल थेट त्यालाच लावलेले असत, त्या काळच्या चाकाच्या व्यासाचे. म्हणजे आजचा सायकलस्वार गिअर मोजतो तेव्हा आपण सहा फूट उंचीच्या एका चाकावर बसलेलो आहोत असे मनात धरून चालतो. ते चाक गेले, त्यावरून पडणारे गेले, हिशेब तेवढा चालू आहे. हे सर्व मला पटले. एवढेच की फिक्स चाकाची धुरी असते 120 मिलीमीटरची.

फळी पुन्हा आणण्यात आली. या खेपेस ती बाहेरून लावली.

मडगार्डांविषयी आम्हा दक्षिणेकडील लोकांची समजूत फार अपुरी आहे. पुण्यास मडगार्ड सायकलीबरोबर येतो, तो चिखल अडवितो की नाही याची कोणी चौकशी करीत नाही, आणि पावसाळा आला की सीटवर प्लॅस्टिकची पिशवी चढविली म्हणजे ऋतुपालट साजरा झाला. यॉर्कशरमध्ये मडगार्ड हा नागरिकत्वाचा प्रश्न आहे. रविवारी सकाळी मंडळाचे लोक एकामागे एक, चाकाला चाक भिडवून जातात, आणि पुढच्याच्या मागच्या चाकावरून उडणारे खारे, तांबडे, शेण मिसळलेले पाणी बरोबर मागच्याच्या तोंडावर येते. म्हणून मडगार्ड आपल्या स्वतःकरिता लावावयाचा नसतो. तो परोपकारार्थ असतो, आणि ज्याच्या सायकलीला तो नाही त्याने हिवाळाभर रांगेत शेवटी राहावे असा अलिखित हुकूम आहे. मागच्या मडगार्डाच्या टोकाला आणखी एक झडप लावतात, ती जमिनीपासून चार बोटे राहील इतकी लांब. दुधाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून ती कापून काढणे हे कुलीनपणाचे लक्षण समजले जाते आणि दुकानातून विकत आणलेली झडप असेल तर लोक बोलत काही नाहीत, पण बघतात. आमच्या फ्रेमीत शर्यतीची ऐट असल्याने तिला मडगार्ड अडकविण्याची भोकेच नव्हती. रबर चढविलेल्या पत्र्याच्या लहान लहान कड्या नळ्यांभोवती बसवून त्यांना मडगार्डाच्या तारा जोडल्या, आणि टायर व मडगार्ड यांच्यामध्ये जेमतेम करंगळीचे नख जाईल एवढी फट राहिली. त्या फटीतून प्रवासात जो खडखडाट निघतो तो थांबविण्यासाठी कड्या आवळाव्या तर मडगार्ड टायरला घासतो, सैल कराव्या तर दुसऱ्या बाजूस घासतो. शेजाऱ्यांनी शेवटी कानांना थोडे कमी ऐकू येत असल्याचा लाभ घेतला.

वहीत एकूण आकडा काय झाला ते मी सांगणार नाही, कारण त्याविषयी दोन मते आहेत. शेजाऱ्यांची हिशेबपद्धती अशी: जो भाग पूर्वीच घरात होता तो फुकट, जो भाग घेतला परंतु बसला नाही तो पुढल्या सायकलीच्या खाती, हत्यारे मालमत्तेत, बिअर शास्त्रार्थ, आणि चर्चच्या सभागृहात भरणाऱ्या जुन्या सायकलींच्या बाजाराला जाण्या-येण्याचे पेट्रोल हा सहलीचा खर्च. या पद्धतीने पाहता सायकल दोन टायर, ब्रेकची रबरे आणि ती बीबी एवढ्यात पडली. मंडळींच्या वहीप्रमाणे त्याच पैशांत दुकानात मडगार्डांसकट नवी सायकल मिळून वर एक लोकरी गळपट्टा आला असता. हे त्यांनी शेजारीणबाईंना दाखविले. शेजारीणबाईंनी वही वाचून मिटली आणि म्हणाल्या, “पण मग चार महिने ते घरात राहिले असते.” त्या दिवसापासून वहीचे काम तहकूब आहे.

सायकल पुरी झाली त्या संध्याकाळी मी ती नीट निरखून पाहिली. एकच गिअर. जाडसर टायर. दोन्ही चाकांना पुऱ्या लांबीचे मडगार्ड. मागे, जेवणाचा डबा बांधता यावा म्हणून, कॅरिअर. हँडलला घंटी, पुढे दिवा, मागे लाल दिवा, आणि वजन असे की जिन्यावरून नेताना माणसाने थांबून दम घ्यावा. हिला कोठेतरी पूर्वी पाहिली आहे असे वाटत राहिले, आणि मग एकदम उमगले. माझ्या लहानपणी आमच्या पेठेत दुधाच्या किटल्या लावून येणारी, शिक्षकांची, पोस्टमनची, सोवळे नेसून पूजा सांगावयास जाणाऱ्या भटजींची, काळी, उभी, दांडीच्या ब्रेकची जी सायकल, तीच ही; फरक इतकाच की त्या सायकलीची चेन पत्र्याच्या बंदिस्त पेटीत असे, तिला ना पाणी लागे ना मीठ, आणि तिच्यासाठी दुसरी हंगामी सायकल ठेवण्याचे आमच्या पेठेत कोणास सुचले नाही. तीही काही आमची कल्पना नव्हे. असली सायकल मूळ इंग्रजांनीच आपल्या पावसापाण्यासाठी घडविली, नॉटिंगहॅमहून जगभर पाठविली, पुढे रॅले कारखान्याने बंगाल्यात आसनसोलला भागीदारीत तिचा कारखानाही काढला. आणि मग मायदेशी ती जुनाट ठरवून मोडीत घातली.

हे मी शेजाऱ्यांना सांगितले. जी वस्तू तुमच्या आजोबांना दुकानात तयार मिळत असे ती तुम्ही सुट्या भागांतून, फ्रेंच आट्यांशी झुंजून, पुन्हा शोधून काढली आहे, असे मी शक्य तितक्या नम्रपणे मांडले. त्यांनी पाना खाली ठेवला. चहा निवण्याइतका वेळ गेला.

“चेनची बंदिस्त पेटी,” ते म्हणाले. “पत्र्याची?”

“पत्र्याची.”

“नॉटिंगहॅमची असेल तर तिचे स्क्रू सव्वीस आट्यांचे असतील काय?”

मला ते सांगता आले नाही. ते उठले, सर्वांत मोठा डबा, ‘कशाचे ते ठाऊक नाही, टाकू नयेत’ असे लिहिलेला, त्यांनी खाली उतरविला, आणि त्यातील ऐवज बाकावर ओतून मला दिवा जरा इकडे धरावयास सांगितला.